नावेला जोडीचं इंजिन घेताना: आधी नाव मोजा, मग दुकानात जा

वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेले की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडपुढं टेम्पो थांबायला लागतात. हौद्यात पोत्यात गुंडाळलेलं आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागच्या फळ्यावर बाहेरून टांगायचं इंजिन असतं, नाहीतर नुसताच धरणावरून आलेला माणूस असतो आणि त्याला इंजिन घ्यायचं असतं. त्याची हकिकत बहुधा एकच असते. दुपारी तीनपर्यंत पाणी निवांत होतं. चारच्या पुढं आभाळ भरून आलं, वारं सुटलं आणि वल्ही मारून मारून खांदे भरून आले तरी नाव जाग्यावरच. एखाद्यानं तर पाण्यातल्या वाळक्या झाडाला नाव बांधून अख्खी रात्र भिजत काढलेली असते. आल्या आल्या तो विचारतो, "मामा, किती एचपीचं घेऊ?"

मी त्याच्या हातात टेप देतो आणि नाव मोजून ये म्हणतो. काहींना राग येतो. पण चुकीचं इंजिन गळ्यात पडलेली माणसं मी इतकी बघितलीत की त्यांच्या रागाचं मला काही वाटत नाही.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव, चिकोत्रा ही धरणं, आणि खाली पंचगंगा, वारणा, कृष्णेवर बंधाऱ्यांनी अडवलेले लांबच लांब डोह. भोई समाजातली माणसं इथं पिढ्यान् पिढ्या जाळी टाकत आलीत, आता नवी पोरंही यात उतरतायत. हा लेख त्या नव्यांसाठी आहे. जोडीचं इंजिन म्हणजे दोन प्रकारचं. एक, वल्ह्याच्या नावेला वाऱ्यात हात देणारं छोटं इंजिन. दुसरं, मोठं इंजिन असलेल्या नावेवर शेजारी टांगलेलं राखीव इंजिन, मोठं बंद पडलं तर घरी आणणारं. निवडायची रीत दोन्हींची जवळजवळ सारखीच आहे.

चार आकडे कागदावर

नाव काठाला घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा.

पहिला आकडा, पाण्याला टेकलेली लांबी. नाव नेहमीएवढी भरा, पाण्यात ठेवा आणि पुढून मागं किती फूट पाण्याला लागते ते मोजा. सोळा फुटी नावेची ही लांबी चौदा फुटांच्या आसपास भरते.

दुसरा, भरलेलं वजन. इथं सगळे अंदाजानं बोलतात आणि सगळे कमी सांगतात. आपल्याकडं गावोगावी उसाचे वजनकाटे आहेत, त्यांचा उपयोग करा. नाव ट्रॉलीवर चढवा, जाळी, इंधनाचे डबे, बर्फाची पेटी, सगळं त्यात टाका आणि काटा करा. मग रिकाम्या ट्रॉलीचा काटा करा. वजाबाकी केली की खरं वजन हातात येतं. त्यात माणसांचं आणि चांगल्या दिवसाच्या मासळीचं वजन धरा. ओलं जाळं कोरड्यापेक्षा कितीतरी जड असतं, तेही विसरू नका.

तिसरा, मागच्या फळ्याची उंची. जिथं इंजिनाचा शिकंजा बसणार त्या वरच्या काठापासून नावेच्या तळापर्यंत, फळ्याच्या मधोमध, सरळ खाली. हा आकडा इंचात आणि नीट घ्या. अर्ध्या लेखाचा जीव यात आहे.

चौथा, त्याच फळ्याची जाडी. फायबरच्या नावेत आत प्लायवूड असतं. हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघा. बद्द आवाज आला तर आत पाणी शिरून लाकूड कुजलंय. असल्या फळ्यावर कुठलंच इंजिन टांगू नका, आधी फळा करून घ्या.

किती एचपी

आता हिशेब. जड, पाण्यावर उचलून न पळणारी, पाणी कापत जाणारी नाव एका ठरावीक वेगापुढं जात नाही, मग इंजिन कितीही मोठं लावा. तो वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढा आणि त्याला साडेचारनं गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर, वर्गमूळ दोनच्या जरा वर, म्हणजे ताशी ९ किलोमीटर. त्यापुढं नाव स्वतःच्याच लाटेत शेपटी रुतवून बसते, पेट्रोल जळतं आणि नाक वर होतं, एवढंच.

त्या वेगापर्यंत न्यायला टनाला साधारण ४ ते ५ एचपी पुरतात. समजा नाव १८० किलो, दोन माणसं १३०, जाळी-मासळी-बर्फ १२०, इंजिन आणि पेट्रोल ४०. झाले ४७० किलो, म्हणजे अर्धा टन. शांत पाण्यात सव्वादोन-अडीच एचपी बास. पण आपण इंजिन घेतोय ते वळवाच्या वाऱ्यासाठी, म्हणून ते दुप्पट करा. पाच.

उंचीची एक गोष्ट समुद्राकाठच्या माणसाला सांगावी लागत नाही, आपल्याला लागते. दर ३०० मीटर उंचीला पेट्रोल इंजिनाची ताकद ३ टक्क्यांच्या आसपास घटते, कारण हवा विरळ होते. आपली धरणं सहाशे मीटरच्या आगेमागे आहेत, म्हणजे पाच-सहा टक्के गेले. मालवणला पाहुण्याच्या नावेवर पळालेलं इंजिन इथं थोडं मऊ वाटतं ते त्यामुळं. पाचाच्या जागी सहा मिळत असेल आणि वजन तेवढंच असेल तर सहा घ्या. पंधराच्या नादाला लागू नका. सोळा फुटी नावेच्या शेपटाला पन्नास किलोचं धूड टांगलं आणि शेजारी ते चालवणारा माणूस बसला की मागचा काठ पाण्याशी येतो. वाऱ्यात तिथूनच पाणी आत शिरतं.

मोठ्या इंजिनाच्या जोडीला राखीव घेत असाल तरी वजनाचाच हिशेब धरा. मुख्य इंजिनाच्या एचपीचा दहावा हिस्सा हा ठोकताळा लोक वापरतात. चाळीसला चार चालेलही, पण माझ्या मते त्याला वजनाच्या आकड्यानं एकदा ताडून बघावं.

दांड्याची लांबी

आउटबोर्डचा दांडा, म्हणजे शिकंज्यापासून खाली जाणारा भाग, तीन मापांत येतो: १५ इंच, २० इंच आणि २५ इंच. दुकानात शॉर्ट, लाँग, एक्स्ट्रा लाँग म्हणतात. पंख्याच्या वर एक आडवी चपटी प्लेट असते. ती नावेच्या तळाच्या पातळीत, फार तर इंचभर खाली बसली पाहिजे. फळा १५ इंची तर दांडा १५, फळा २० तर दांडा २०.

गारगोटीकडच्या एका गड्यानं हे न बघता इंजिन घेतलं. दुकानदारानं "स्टॉकमध्ये एवढंच आहे, सूट देतो" म्हणून शॉर्ट दांड्याचं गळ्यात मारलं होतं. ह्याचा फळा होता २० इंची. मी स्वतः त्याच्याबरोबर पाण्यावर गेलो. काठाजवळ सगळं गोड होतं. मधे गेलो, लाटा हातभर झाल्या, नाव नाकावर उतरली की पंखा हवेत आणि इंजिन एकदम किंचाळायचं, नाव जागीच. पुन्हा शेपूट बसली की पंखा पाणी धरायचा, पुढं दोन हात, की पुन्हा किंचाळणं. तो मला म्हणाला, "मामा, ह्यो पंखा पाण्यापरीस वाऱ्यातच जास्त फिरतुया." खरंच होतं. त्याआधी त्यानं कुणाच्यातरी सल्ल्यानं फळ्याला चार इंच खाच पाडून बघितली होती, त्या खाचेतून लाट आत यायची. शेवटी फळा पुन्हा बांधला आणि इंजिन तोट्यात विकून लाँग घेतलं. टेप लावला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

राखीव इंजिन मोठ्याच्या शेजारी, फळ्याच्या कडेला बसतं. लाटेत ती बाजू जास्त उचलली जाते, म्हणून तिथं एक माप लांब दांडा बरा. वर-खाली होणारं ब्रॅकेट उद्यमनगरात कुणीही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. बोल्ट फळ्याच्या आरपार घ्यायला लावा आणि आतून रुंद पट्टी द्या. इंजिन आणि नाव यांच्यात एक साखळी किंवा जाड दोर कायम बांधलेला हवा. शिकंजा हादऱ्यानं ढिला होतो आणि इंजिन तळाला जातं, हे मी दोनदा बघितलंय.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

टू-स्ट्रोक हलकं असतं, भाग कमी, रस्त्याकडेचा मेकॅनिकही उघडू शकतो. आठ एचपीचं पंचवीस-सत्तावीस किलोत येतं, तेवढंच फोर-स्ट्रोक चाळिशीकडं जातं. पण टू-स्ट्रोक पेट्रोल जास्त पितं, आणि तेल मिसळलेल्या इंधनाचा बराच भाग न जळताच पाण्यात सोडतं. धरणाच्या पाण्यावर निघालेला तो रंगीत तवंग तुम्ही बघितला असेल.

इथं मी बाजू घेतो. काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं कोल्हापूर शहरात प्यायला येतं. नदीकाठच्या गावांचे जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरी, त्याच पाण्यावर आहेत. आपण मासे धरतो तेही त्याच पाण्यात वाढतात. नवं घेत असाल आणि पैसे जुळत असतील तर फोर-स्ट्रोक घ्या. पूर्ण थ्रॉटलवर ते एचपीमागं तासाला साधारण ०.४ लिटर खातं, म्हणजे पाच एचपीला दोन लिटर. अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर त्याहून बरंच कमी. जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक त्याच कामाला दीडपट धरा.

टू-स्ट्रोकच घेतलं असेल तर तेल आउटबोर्डचंच वापरा, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. मोटरसायकलचं तेल घालू नका, कारण आउटबोर्ड पाण्यानं थंड होतं आणि त्याचं तेल त्या हिशेबानं बनवलेलं असतं. बहुतेक इंजिनांना ५०:१, म्हणजे लिटरमागं २० मिली. नवं असताना पुस्तिकेत सांगितलेलं जादा प्रमाण पाळा. अंदाजानं धार धरून ओतू नका, औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणून ठेवा. फोर-स्ट्रोकला इंजिन ऑइल पहिल्या २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी बदलायचं, एवढं शिस्तीनं होत असेल तरच ते टिकतं.

बॅटरीवरची छोटी मोटारही मिळते. तळ्यात गळ टाकून बसणाऱ्याला उत्तम, आवाज नाही, धूर नाही. पण ती पूर्ण वेगात ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची साधी लेड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, त्यामुळं तासाभराचं काम मिळतं आणि बॅटरीचं वजन तीस किलो. वाऱ्यात सहा किलोमीटर परत यायचं असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका.

पेट्रोल

जोडीच्या इंजिनाचं खरं दुखणं म्हणजे ते उभं राहतं. रोज चालणारं इंजिन सहसा दगा देत नाही. सहा महिने टांगलेलं देतं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून आलेलं. उसाला भाव मिळतो म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आउटबोर्डच्या बहुतेक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, म्हणून विकत घेताना त्या मॉडेलबद्दल हा प्रश्न दुकानदाराला लेखी विचारा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात धरणावर डबा अर्धा रिकामा राहिला की ओलावा साठत जातो, एका मर्यादेपुढं पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तर तेल वर पेट्रोलबरोबर राहतं आणि खालचा बिनतेलाचा थर इंजिनात जातो.

म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल भरा, महिन्यापेक्षा जुनं मोटरसायकलला घालून संपवा, नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. इंजिन पंधरा दिवसांहून जास्त उभं राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून ती रिकामी करा. राखीव इंजिनाला टाकी वेगळीच ठेवा. मोठं इंजिन कचऱ्यानं किंवा पाण्यानं बंद पडलं आणि छोटंही त्याच टाकीवर असलं तर तेही पाच मिनिटांत त्याच मार्गानं जातं. किती न्यायचं? एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक.

पंखा आणि पिन

पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात तो पुढं किती इंच सरकायला बघतो. ओझ्याच्या नावेला व्यास मोठा, पिच कमी. भरला ट्रक करूळ घाट चढताना खालच्या गिअरमध्ये टाकतात, तसंच. भरल्या नावेत पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन पुस्तिकेतल्या फेऱ्यांपर्यंत जात नसेल तर पिच कमी करा. एक इंच कमी केलं की मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे वाढतात.

आता पिन. छोट्या इंजिनांत पंखा आणि त्याला फिरवणारा दांडा एका बारक्या पिनेनं जोडलेला असतो, मोठ्यांत रबरी बुश असतो. उन्हाळ्यात धरण उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुन्या भिंती पाण्याखाली वीतभर राहतात. पंखा त्यावर आपटला की पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. तिचं कामच तुटणं आहे.

हे मला ठाऊक असूनही मी एकदा चुकलो. पाटगावच्या एका मासेमाराची पिन महिन्यात तिसऱ्यांदा तुटली. तो म्हणाला, कायमची एक करून द्या. लेथ समोर होतं, चांगल्या पोलादाचा तुकडा हाताशी होता. मी पिन वळली, कडक केली, मापात सुतासारखी बसली. त्याच्या हातात देताना मला अभिमान वाटला होता. तीन आठवड्यांनी इंजिन परत आलं. खालचा गिअरबॉक्स उघडला तर काळ्या तेलात दातांचे तुकडे, आणि माझी पिन जशीच्या तशी, तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. गिअरचा खर्च मी अर्धा सोसला. उद्यमनगरात आपण काहीही बनवू शकतो, म्हणूनच सांगतो: ही पिन कंपनीचीच घ्या, चार जादा घ्या.

पंचगंगेत जलपर्णी आणि पुराचा गाळ हे आणखी दोन त्रास. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडते, तिच्यावर नजर ठेवा. धार गेली की इंजिन ताबडतोब बंद. बहुतेकदा इंजिनात पाणी घ्यायच्या जाळीत जलपर्णी अडकलेली असते. ती काढूनही धार येत नसेल तर आतला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर गेला. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो, दोन वर्षांत बदलाच.

जुनं घेताना

कोकणातून, गोव्यातून वापरलेली इंजिनं घाट चढून येतात, काही फार चांगली असतात. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू सोडून थेंबभर तेल काढा. चहासारखं दुधाळ दिसलं तर सील गेलंय. दोन सिलिंडरचं असेल तर दोन्हींचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजनं मोजा, फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. विकणाऱ्याला आधीच इंजिन गरम करून ठेवू देऊ नका, थंड इंजिन तुम्ही स्वतः, बसून, दोर ओढून चालू करा. नावेत उभं राहून झटका द्यायला जागा नसते. पाण्याच्या पिंपाशिवाय चालू करून दाखवतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा, कोरडं फिरवलं की इम्पेलर आधी जळतो. नंबर आणि बिल जुळवा. आणि पुरानंतरच्या महिन्यांत जरा जास्तच जपून. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात बुडालेली इंजिनं वरून रंग मारून विकायला आली होती.

कागद

धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, तेव्हा इंजिनाबद्दल आधी संस्थेत विचारा. इंजिन लावलं की नाव यांत्रिक जलयान होते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात त्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. राधानगरी आणि काळम्मावाडीचं पाणी अभयारण्याला भिडलेलं आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय इंजिन नेऊ नका. २०२० साली सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान आहे. तुमच्या खरेदीला ते लागू होतं का, हे पैसे भरण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

पहिला दिवस

सकाळी, वारं नसताना, लाइफ जॅकेट घालून जा. इंजिन बंद करणाऱ्या बटणाची लाल दोरी मनगटाला अडकवा. तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन आपोआप थांबतं, नाहीतर नाव गोल फिरून तुमच्याच अंगावर येते. पहिले दहा तास पूर्ण थ्रॉटल सतत देऊ नका. पुढं जाताना नाक वर उठत असेल तर इंजिनाचा कोन एक भोक आत घ्या.

मग नेहमीएवढी नाव भरा, टाकीत मोजून एक लिटर घाला, निम्म्या थ्रॉटलवर काठाकाठानं चालवा आणि ते लिटर किती मिनिटं पुरतं ते बघा. पेट्रोल संपल्यावर वल्ह्यानं परत या, वल्ही नावेतून कधीच काढायची नाहीत. ती मिनिटं ऑइलपेंटनं इंजिनाच्या झाकणावर आतल्या बाजूला लिहा. प्लगचा पाना, एक प्लग, दोन पिना आणि चालू करायचा जादा दोर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून फळ्याच्या आत बांधून टाका. आणि मासेमारी असो वा नसो, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन पाण्यात चालवा.